बेगमपेठेतली ताऱ्यांची यादी : आकाशाचे आकडे आणि आकड्यांचं आकाश

बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेबद्दल लिहिणारे बहुतेक जण नवाबसाहेब, त्यांची मोठी दुर्बीण आणि आता शहराच्या गर्दीत सापडलेले घुमट एवढ्यावर थांबतात. या टिपणात मला वेधशाळेने छापलेल्या बारा खंडांविषयी सांगायचं आहे. ते कोणी वाचायला घेत नाही, आणि घेऊन तरी काय करणार? पान उघडलं की रकान्यांमागून रकाने, सगळे आकडे. पण हे आकडे म्हणजे मुळात काचेवर घेतलेलं आकाशाचं चित्र होतं. ते चित्र मोडून त्याचे आकडे केले, आणि साठ-सत्तर वर्षांनी त्याच आकड्यांतून असं एक चित्र निघालं, जे मूळच्या काचेवर कोणाला कधीच दिसलं नसतं. आज मोबाइलवर जे रंगीत आकाश आपण बोटाने फिरवतो, त्याचा एक धागा असा आपल्या शहरापर्यंत येतो.

इतिहास थोडक्यात. नवाब जफर जंग यांनी १९०१ च्या सुमारास ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण आणवली आणि फिसलबंड्याच्या आपल्या जागेत वेधशाळा काढली. १९०७ साली ते वारले. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने ती ताब्यात घेतली आणि बेगमपेठेत नवी जागा ठरली. तेव्हा औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे याच राज्यात होते, म्हणजे ज्या खजिन्यातून ही वेधशाळा चालली त्यात मराठवाड्याचा शेतसाराही जात होता. १९१९ मध्ये ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. पहिले संचालक चॅटवुड, त्यांच्यानंतर १९१४ पासून पोकॉक, आणि पोकॉक १९१८ साली हैदराबादेतच वारल्यावर भास्करन. भास्करन १९४४ पर्यंत होते. ताऱ्यांच्या यादीचं मुख्य काम त्यांच्याच अमदानीत झालं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. या कामात नवाबसाहेबांच्या १५ इंची दुर्बिणीचा वाटा नाही. ती बेगमपेठेत उभी राहायलाच १९२२ उजाडलं. काम केलं ते ८ इंची कुक दुर्बिणीने. ती डोळा लावून बघण्याची नव्हेच, फोटो घेण्यासाठीच बनवलेली. 

आता पॅरिसला जाऊ, कारण मूळ योजना तिथली. १८८७ साली पॅरिस वेधशाळेचे प्रमुख अॅडमिरल मूशे यांच्या पुढाकाराने खगोलज्ञांची परिषद भरली. फोटोची कोरडी काच नुकतीच चांगली वापरात आली होती. ठरलं असं, की सगळं आकाश फोटोंनी झाकून काढायचं. जगातल्या अठरा-वीस वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घ्यायचे, सगळ्यांनी एकाच मोजपट्टीवर फोटो घ्यायचे : काचेवर १ मिलिमीटर म्हणजे आकाशात १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. एका काचेत दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद एवढं आकाश. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा धरला तर एका काचेत असे चार चंद्र आडवे आणि चार उभे बसतील. सगळ्या आकाशासाठी अशा बावीस हजारांवर काचा.

योजनेचे दोन भाग होते आणि पुढची सगळी गोष्ट या दोन भागांच्या फरकाची आहे. पहिला भाग नकाशाचा. जास्त वेळ काच उघडी ठेवून चौदाव्या प्रतीपर्यंतचे मंद तारे टिपायचे आणि त्याचे छापील नकाशे करायचे. दुसरा भाग यादीचा. अकराव्या प्रतीपर्यंतचे तारे टिपून प्रत्येकाचं स्थान मोजायचं आणि आकडे छापायचे. नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट, तेव्हा अकराव्या प्रतीचा तारा आपल्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहून शंभर पट मंद.

पट्टे वाटून झाले, पण सगळ्यांना काम झेपलं नाही. दक्षिणेचा १७ ते २३ अंश क्रांतीचा पट्टा चिलीतल्या सांतियागोकडे होता. तिथे ते काम होईना, आणि तो हैदराबादकडे आला. (क्रांती म्हणजे आकाशातला अक्षांश.) पुढे पोट्सडामकडे असलेल्या उत्तर पट्ट्यातला ३६ ते ३९ अंशांचा भागही हैदराबादने केला. दक्षिण पट्ट्याच्या काचा १९१४ ते १९२९ या काळातल्या आणि उत्तरेच्या १९२८ ते १९३७ मधल्या.

हे पट्टे आपल्या ओळखीचेच आहेत. दक्षिण पट्ट्यात हस्त नक्षत्र जवळजवळ सगळं येतं. उत्तर पट्ट्यातून अभिजित जाते. त्याच सुमारास मराठी मुलखात पंचांगशोधनाचा वाद पेटलेला होता. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यावरून धरावा की चित्रेच्या, टिळक रेवतीकडचे, व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेकडचे. त्या वादात सगळी भिस्त एकेका ताऱ्याच्या नेमक्या स्थानावर. इकडे बेगमपेठेत चार लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थानं मोजली जात होती, आणि त्यांतले बहुतेक तारे पंचांगकर्त्यांनी काय, कोणीच नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

मोजायचं कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत तिथे आहे. फोटो घेण्याच्या काचेवर ताऱ्यांबरोबर बारीक रेघांची एक चौकडी जाळीही उमटवलेली असे. दोन रेघांत ५ मिलिमीटर अंतर. जाळी कशाला? तर काच धुऊन वाळताना तिच्यावरचा लेप कुठेतरी ताणला जातो, आणि तारा जागचा हलतो. पण जाळीही त्याच लेपावर असल्याने तीही तेवढीच हलते. म्हणून तारा जाळीच्या रेघांपासून मोजायचा, काचेच्या कडेपासून नाही. मापक सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवतो, तारा कुठल्या चौकोनात आहे ते बघतो, डावीकडच्या रेघेपासून किती आणि खालच्या रेघेपासून किती, हे दोन आकडे सांगतो. दुसरा लिहून घेतो. मग पुढचा तारा. अनेक वेधशाळांत काच उलटी फिरवून पुन्हा सगळं मोजायची रीत होती, कारण माणसाच्या डोळ्याला एका बाजूला झुकायची खोड असते. उलट फिरवलं की ती चूक दुसऱ्या दिशेने पडते आणि सरासरीत निघून जाते.

या मोजणीची अचूकता विकलेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची धरतात. काचेवर ते अंतर मिलिमीटरच्या एक हजार भागांतले चार-पाच भाग. डोक्याच्या केसाची जाडी याच्या दहापट तरी भरेल. असं एका ताऱ्याचं नाही, काचेवरच्या शेकडो ताऱ्यांचं.

आणि काचा किती? वीस अंश क्रांतीवर आकाशाचा वेढा सुमारे ३३८ अंशांचा भरतो. दोन-दोन अंशांच्या काचा मांडत गेलं तर एका वेढ्याला दीडशेच्या वर लागतात, आणि दक्षिण पट्ट्यात असे सात वेढे. म्हणजे एका पट्ट्याला हजारावर काचा. शिवाय एका वेढ्यातल्या काचेचा मध्य शेजारच्या वेढ्यातल्या काचेच्या कोपऱ्यावर येईल अशी मांडणी, म्हणजे प्रत्येक तारा दोनदा तरी सापडावा. त्यात आपला पावसाळा. धनु-मकरेकडचे तारे मध्यरात्री माथ्यावर येतात तेव्हा नेमकं आभाळ भरलेलं. दक्षिण पट्ट्याला पंधरा वर्षं लागली यात मला तरी नवल वाटत नाही.

व्हॅटिकनच्या वेधशाळेत हेच मोजण्याचं काम चार नन्सनी केलं, आणि त्यांचे फोटो आता जगभर छापले जातात. बेगमपेठेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्यांची नावं आज आपल्यात कोणाच्या तोंडी नाहीत. संचालकांची आहेत. पुढे भारतातले फार मोठे खगोलज्ञ ठरलेले वेणू बाप्पू यांचे वडील या वेधशाळेत सहायक होते, एवढं मात्र बरेच जण सांगतात.

आता त्या दोन भागांचं काय झालं ते बघा. नकाशा हा देखणा भाग होता. फ्रेंच वेधशाळांनी एकेका ताऱ्याला एकाच काचेवर किंचित सरकवून तीनदा टिपलं, त्यामुळे त्यांच्या नकाशात प्रत्येक तारा तीन ठिपक्यांच्या इवल्याशा त्रिकोणासारखा दिसतो. युक्ती छान होती : धुळीचा कण एकटाच दिसतो, तारा त्रिकोणात. चित्रातच खऱ्याखोट्याची खूण. पण ताम्रपटावरून असे नकाशे छापायचा खर्च अफाट, कित्येक वेधशाळांनी हात टेकले, आणि नकाशा कधीच पुरा झाला नाही. रुक्ष यादी मात्र रखडत रखडत पुरी झाली. हैदराबादचे खंड १९१७ पासून निघू लागले आणि ते काम १९४० च्या दशकात संपलं. सगळ्या जगाची यादी पुरी व्हायला १९६० चं दशक लागलं. तोवर योजनेचं हसं व्हायला लागलं होतं. इतकी वर्षं आणि इतका पैसा घालून निघालं काय, तर कोणी न उघडणारे खंड.

त्यात आणखी एक अडचण होती. छापलेले आकडे काचेवरचे होते, आकाशातले नव्हते. 'अमुक काचेवर डावीकडून इतके, खालून इतके.' ते आकाशात नेऊन बसवायचे तर ती काच किती तिरपी होती, तिचा मध्य नेमका कुठे होता, हे काढावं लागतं. त्यासाठी त्या काचेवरचे काही ओळखीचे, आधी चांगले मोजलेले तारे लागतात. ओळखीच्या ताऱ्यांची स्थानंच जिथे कच्ची, तिथे बाकीच्यांची पक्की कशी होणार? म्हणून आकडे पडून राहिले.

सुटका झाली ती संगणकाने. मॉस्कोत आणि वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत हे सगळे खंड संगणकात भरले गेले आणि वॉशिंग्टनमध्ये प्रत्येक काचेचं गणित नव्याने मांडलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी सगळ्या वेधशाळांची मिळून ४६ लाख ताऱ्यांची एकसंध यादी तयार झाली.

इथे चित्र पुन्हा कामाला आलं, पण जनतेला दाखवायचं चित्र ते नव्हे. समजा एका दुर्बिणीच्या शेकडो काचा आहेत. प्रत्येक ताऱ्याचं काचेवरून काढलेलं स्थान आणि खरं असायला हवं ते स्थान, यांतला फरक एका छोट्या बाणाने दाखवला. एकेक बाण बघून काही कळत नाही. पण शेकडो काचांचे बाण एकावर एक ठेवून सरासरी काढली की नक्षी उमटते : सगळे बाण मध्यापासून बाहेर पळताहेत, किंवा एका कोपऱ्यात गोल फिरताहेत. ही नक्षी आकाशाची नाही, भिंगाची आहे. ठळक ताऱ्यांचे बाण एका दिशेला आणि मंद ताऱ्यांचे दुसऱ्या दिशेला झुकले तर ती दुर्बिणीची किंवा मापकाच्या डोळ्याची खोड. आकड्यांच्या रकान्यात हे दिसणं जवळजवळ अशक्य. चित्रात पाच मिनिटांत दिसतं. मग ती नक्षी आकड्यांतून वजा करायची. छापताना ३ चा ८ झाला असेल तर तो ताराही असाच बाणांच्या रांगेतून फटकून उभा राहतो. संशोधकाला चित्र हवं असतं ते मुख्यतः स्वतःच्या चुका पकडायला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आणि मग खरा उपयोग आला. युरोपचा हिप्पार्कोस उपग्रह १९८९ मध्ये सुटला आणि १९९३ पर्यंत त्याने ताऱ्यांची स्थानं अतिशय नेमकी मोजली. पण तारे स्थिर नाहीत, प्रत्येकाला निजगती आहे, फार हळू. हळू चालणाऱ्याची गती मोजायला दोनच उपाय असतात : फार बारीक मोजा, किंवा फार वेळ थांबा. बैलगाडी मिनिटभर बघून टेपने मोजली काय, आणि सकाळी एका गावी नि संध्याकाळी दुसऱ्या गावी पाहून अंतर पावलांनी मोजलं काय, दुसरा उपाय ओबडधोबड असून वेग चांगला सांगतो. उपग्रहाला साडेतीनच वर्षं मिळाली, आणि मंद ताऱ्यांच्या बाबतीत ती पुरेनात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची संध्याकाळ कोणाकडे होती? त्या न उघडलेल्या खंडांत. २००० साली 'टायको-२' ही २५ लाख ताऱ्यांची यादी निघाली, तिच्यातल्या निजगती उपग्रहाची स्थानं आणि या जुन्या काचांची स्थानं यांची तुलना करून काढल्या. जोडीला जमिनीवरच्या आणखी १४३ याद्या होत्या. हैदराबादच्या दोन्ही पट्ट्यांत ही 'संध्याकाळ' बेगमपेठची.

आकडे घालून पाहू. हंस तारकासमूहात ६१ क्रमांकाचा एक तारा आहे, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. बेसेलने १८३८ मध्ये ज्याचं अंतर मोजलं तोच. त्याची निजगती वर्षाला ५.२ विकला, आणि तो हैदराबादच्या उत्तर पट्ट्यात पडतो. १९३० च्या आसपासची काच आणि १९९१ यांत साठ वर्षं धरली तर तो ३१२ विकला सरकला. काचेच्या मोजपट्टीवर ५.२ मिलिमीटर. जाळीचा एक अख्खा चौकोन ओलांडून शेजारच्या चौकोनात! अभिजितची गती वर्षाला ०.३५ विकला, साठ वर्षांत काचेवर मिलिमीटरचा एक तृतीयांश. (अभिजित खरं तर मोजायला वाईट. इतकी ठळक, की काचेवर तिचा पसरट डाग होतो.) आणि वर्षाला ०.०२ विकला जाणारा एखादा साधा तारा? साठ वर्षांत मिलिमीटरचा पन्नासावा भाग. दोन काळांतले फोटो शेजारी ठेवले तर तुम्हाला-मला ते एकच वाटतील. फोटोत जे दिसत नाही ते आकड्यांच्या वजाबाकीत सापडतं, आणि आधी कोणीतरी ते आकडे करून ठेवलेले असावे लागतात.

वजाबाकी झाली की पुन्हा चित्र. या वेळी ते लोकांसाठी. स्टेलारियमसारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं कित्येक वर्षं हिप्पार्कोस आणि टायको यांच्याच याद्यांवर चालली. त्यात साल बदलत हजारो वर्षं पुढे गेलात की नक्षत्रांचे आकार मोडताना दिसतात. हिप्पार्कोसनंतरच्या गाया उपग्रहाच्या आकड्यांवरून युरोपच्या अंतराळ संस्थेने २०२० मध्ये एक चलचित्र केलं : सूर्याजवळचे ४०,००० तारे पुढच्या चार लाख वर्षांत कसे सरकतील, प्रत्येकाच्या मागे पांढरी रेघ. दिसायला दिवाळीतल्या भुईनळ्यासारखं. मुलांना एकदा तरी दाखवावं असं आहे.

पण ते दाखवताना दोन शब्द सांगायला हवेत असं मला वाटतं, नाहीतर चित्र फसवतं. एक, ती रेघ कोणी पाहिलेली नाही, ती गणिताने पुढे ओढलेली आहे. आज मोजलेला वेग बदलणार नाही असं धरून. दोन, ठिपक्याचा आकार म्हणजे ताऱ्याचा आकार नव्हे. नौबत पहाडावरच्या बिर्ला तारांगणात १९८५ पासून आपण घुमटावर ठळक तारे मोठे आणि मंद तारे लहान बघत आलो, छापील नकाशातही तसंच. ताऱ्याची तबकडी इतकी लहान असते की आठ इंची दुर्बिणीला ती दिसूच शकत नाही. ठिपका मोठा होतो तो काचेवरच्या लेपात जास्त प्रकाश पसरतो म्हणून. बेगमपेठेत ताऱ्याची प्रत ठरवायलाही हाच डाग उपयोगी, डाग मोठा तर तारा ठळक. म्हणजे नकाशात ताऱ्याला मोठा ठिपका देण्याची रीत आणि काचेचा स्वभाव, दोन्ही एकच बोलतात. सोयीचं आहे, चूक नाही. फक्त 'मोठा ठिपका म्हणजे मोठा तारा' असं मुलं घरी घेऊन जातात, ते होऊ नये.

वेधशाळेचं पुढचं थोडक्यात. शहराचे दिवे वाढले, बेगमपेठेतून मंद तारे दिसेनासे झाले, आणि १९६८ मध्ये उस्मानियाची ४८ इंची दुर्बीण जापाळ-रंगापूरला उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण तिथून पाहिलं गेलं. बेगमपेठच्या आवारात आता आर्थिक-सामाजिक अभ्यासाची एक संस्था आहे. आज त्या घुमटातून अकराव्या प्रतीचा तारा टिपायला कोणी बसलं, तर आधी आकाशाची धूसर उजळी काचेवर येईल.

गायाचे आकडे आल्यापासून बहुतेक ताऱ्यांच्या निजगतीसाठी जुन्या काचांची गरज उरलेली नाही, हे खरं. गायाने २०१४ ते जानेवारी २०२५ अशी साडेदहा वर्षं मोजणी केली आणि तिची नजर बेगमपेठच्या सूक्ष्मदर्शकाहून हजारो पट तीक्ष्ण होती. पण जोडताऱ्यांचं तसं नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले की थोड्या वर्षांत मोजलेली गती खरी सरळ गती नसते, तिच्यात फिरण्याचा हेलकावा मिसळलेला असतो. हंसातला तो ६१ क्रमांकाचा तारा अशीच जोडी आहे. त्या दोघांना एकमेकांभोवती एक फेरी पुरी करायला साडेसहाशे ते सातशे वर्षं लागतात. गायाच्या साडेदहा वर्षांत त्या फेरीचा साठावा-सत्तरावा हिस्सा झाला. १९३० च्या आसपासच्या काचेपासून आजवर, सातवा.